सुईऐवजी थेंब

“कोणावर तपासलं? परवाना कुठं हाय?” कुठल्याही नव्या औषधाबद्दल हे दोन प्रश्न विचारताना काकू पदर कमरेला खोचायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याचा रस्ता सोडायच्या नाहीत. तुम्हीही अशा एखाद्या बाईची नजर चुकवून पुढे गेला असाल.

गांधीबागेतल्या औषधाच्या दुकानात मी काउंटरवर असतो. हे प्रश्न विचारायला लागण्याआधी काकू नवऱ्याचं इन्शुलिन न्यायला यायच्या. घरी फ्रीज नव्हता, म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायच्या. काचेची सिरिंज उकळून रोज स्वतःच टोचायच्या. नवरा कापडाच्या दुकानात मुनीम, सुईला लहान मुलासारखा घाबरणारा. तो कळवळला की यांनाच रडू यायचं.

मग पलीकडच्या गल्लीत एक जण इन्शुलिनचे थेंब विकू लागला. जिभेवर घ्या, सुई विसरा, परदेशात संशोधन झालंय म्हणे. काकूंनी आनंदाने सुई बंद केली. आठवड्याभरात मुनीमजी बेशुद्ध झाले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की इन्शुलिन पोटात गेलं की वरणासारखं पचून जातं, रक्तापर्यंत पोचतच नाही. चौकशीला अधिकारी आले, पण बाटलीवर ‘शक्तिवर्धक’ छापलेलं, औषध असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो माणूस सहीसलामत सुटला.

कायद्याच्या हातून सुटला, काकूंच्या नाही. रोज स्वयंपाकपाणी आटोपून त्या त्याच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वरणाची गोष्ट सांगायच्या. त्याने दुकान वाडीला, ट्रकवाल्यांच्या वस्तीत हलवलं. काकू बसने वाडीला. तो कळमेश्वरला गेला, तर या तिथेही. शेवटी त्याने धंदाच गुंडाळला. मला हे सगळं मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या फेऱ्यांच्या दिवसांत एकदा मात्र त्यांची तब्येत पाहून म्हटलं, काकू, आता पुरे.

“काहून पुरे? त्यानं माह्या माणसाले सोडलं का?”

काही वर्षांनी एका दुपारी काकू आमच्या दुकानात टेकल्या असताना तोच माणूस चिठ्ठी घेऊन आला. पार वाळून गेलेला. चिठ्ठीवर इन्शुलिन होतं. संपलंय म्हणून सांगावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

“दे त्याले,” काकू मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “रोज टोचून घेजो गा. एक दिवस चुकवू नको. टोचलं का माह्या माणसाची याद करजो. लवकर मरू नको, मले तू जित्ता पायजे.”

तो दर महिन्याला येऊ लागला. काकू दिसल्या की पायरीखालीच थांबायचा.

मागच्या हिवाळ्यात काकू वारल्या. त्याला हे माहीत नाही. अजूनही तो खालूनच दबक्या आवाजात विचारतो, “आल्या का त्या?”

“येतीलच आता,” मी सांगतो.