नामशेष म्हणण्याआधी

जगातली कुठलीही गोष्ट संपली, असं माझ्या आत्याच्या देखत म्हणायची सोय नाही. चहा संपला म्हटलं तरी ती डबा उलटा करून झाकणाला चिकटलेली पूड दाखवते आणि म्हणते, "याला संपला म्हणत नाहीत, याला अतिसंकटग्रस्त म्हणतात." कल्याणच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली. दुर्मीळ झाडांसाठी ठरवलेल्या त्या पायऱ्या, म्हणजे असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त आणि शेवटी नामशेष, तिथेच ठेवून यायच्या, तर त्या तिने डोंबिवलीच्या घरी आणल्या. घरात झाडं कमी आणि नातेवाईक जास्त, त्यामुळे त्या आमच्यावर चालतात. मला टक्कल पडायला लागलं तेव्हा बायको नाना तऱ्हेची तेलं आणत होती. आत्याने मला खिडकीपाशी उजेडात बसवलं, चष्मा पुसला आणि निदान केलं, "मधला अधिवास गेलाय. कानांच्या वर दोन तुटक वस्त्या उरल्यात, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. असुरक्षितच्या पुढे गेलास रे तू." त्या दिवसापासून घरात तेल येणं बंद झालं.

माझं लग्न ठरवताना तर तिने कहर केला होता. वय वाढत चाललेलं, स्थळं येऊन परत जात होती, आणि अशात एका मुलीकडच्यांनी सहज विचारलं की मुलगा कसा आहे. आई तोंड उघडणार तोच आत्या म्हणाली, "दुर्मीळ म्हणाल तर अजिबात नाही. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही ऑफिसात दुपारी डबा खाताना असे पुष्कळ सापडतील. पण याचं मूल्यमापनच झालेलं नाही हो. आजवर कुणी नीट बघायलाच आलं नाही." आईने कपाळावर हात मारून घेतला. मुलगी मात्र खुदकन हसली, आणि त्या हसण्यावर माझा संसार उभा आहे. माझ्या कर्तबगारीवर तो उभा राहिला नसता, हे बायको अधूनमधून सांगतेच.

डोंबिवलीत मीटरने येणारा रिक्षावाला नामशेष झाला, असं मी एकदा स्टेशनबाहेर बोलून गेलो. बोललो आणि फसलो. "नामशेष? नीट शोधलंस? योग्य जागी, योग्य वेळी, पुन्हा पुन्हा?" असं म्हणून आत्याने भर उन्हात तिथल्या तिथे शोध सुरू केला. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी मागे उभा. एकेक रिक्षावाला "मीटर" हा शब्द ऐकून हसत होता आणि पुढे जात होता. शेवटी एक म्हातारबाबा थांबले. "बसा मावशी, टाकतो मीटर. पन तो चालतो का नाय, ते मला पन बघायचंय." तो चालला नाही. तरी आत्या लढाई जिंकल्यासारखी आत बसली आणि मला म्हणाली, "बघ, इच्छा तरी शिल्लक आहे. नामशेष म्हणायची घाई करायची नसते. एकदा तसं लिहिलं की मग कुणी शोधायलाही जात नाही."

हे शेवटचं ती चेष्टेत बोलत नव्हती. आंबिवलीच्या पलीकडे एका टेकडीच्या उतारावर तिला तरुणपणी एक कंदीलपुष्प सापडलं होतं. वीतभर उंची, गवतासारखी पानं आणि भाद्रपदात त्यावर बोटाएवढं, कंदिलाच्या आकाराचं फूल. फूल नसलं तर गवतात गवत. गौरी गेल्या की ती दरवर्षी तिथे जायची, ते डोळे भरून बघायची आणि माहेरी जाऊन आल्यासारखी परतायची. मग एक-दोन वर्षं ते दिसलं नाही, आणि त्याच सुमारास तिचे गुडघे गेले. तालुक्यातल्या वनस्पतींची नोंद ठेवणारी तिची एक जुनी विद्यार्थिनी दर भाद्रपदात फोन करते, "बाई, तुमच्या टेकडीवरचं गेलं म्हणून लिहू का?" आणि आत्या सांगते, "थांब, माझा भाचा बघून येतोय."

हा भाचा म्हणजे मी. घरच्या कुंडीत तुळस आहे का तण, हे मला बायकोला विचारावं लागतं. पहिल्या वर्षी त्या उताराचा बराचसा भाग मी पँटच्या मागच्या बाजूनेच पाहिला. चिखलातून उठून व्हिडिओ कॉल लावला, "आत्या, सापडलं!" म्हणून ओरडलो. "अरे, तो तेरडा आहे. पोराटोरांना कळतो." पुढच्या खेपेस नाजूक वेल समजून मी ज्याचे मन लावून फोटो काढले, तो पतंगाचा मांजा निघाला. मी खजील झालो, पण आत्याचा आवाज एकदम खुलला. "तुला दिसलं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही," ती म्हणाली आणि विद्यार्थिनीला कळवून टाकलं की शोध नीट झालेला नाही, इतक्यात काही लिहू नकोस. माझ्या बावळटपणाचा कुणाला इतका आधार वाटल्याचं मला तरी आठवत नाही.

पंचाईत अशी झाली की जाता जाता मी शिकलो. बायकोचा विश्वास बसत नाही, पण आता पानं चाचपून मला गवत कुठलं आणि कंदीलपुष्प कुठलं ते सांगता येतं. यंदा गौरी गेल्यावर पोहोचलो, तर टेकडीची एक बाजू जेसीबीने कापून नेलेली. उरलेला उतार मी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत रांगत रांगत, हाताने गवत बाजूला सारत बघितला. एक कोपरा सोडला नाही. ते तिथे नव्हतं. वीतभर झाडासाठी माझ्यासारख्या टक्कल पडलेल्या माणसाला रडू यावं, याचं माझं मलाच हसू आलं, पण रडू आलं हे खरं.

मग तिला फोन लावला.

"दिसलं?"

"नाही गं. पण मला कुठे ओळखता येतं?"

ती म्हणाली, "टेकडी आहे ना जागेवर?"

"आहे," मी म्हटलं. ते निम्मं खरं होतं.

"मग झालं तर. तुला ते जन्मात जमायचं नाही, गाढवा. पुढच्या भाद्रपदात मीच येते. हाताला धरून चढव मला."

तिला आता घरचा जिना उतरायलाही दोन माणसं लागतात, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

"चढवतो," मी म्हटलं.