डोमाजीने जंगल निंदलं

डोमाजीच्या हाताला एकच खोड. उगवलेलं दिसलं की उपटायचं. चाळीस वर्षं लोकांच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, निंदण केलं त्याने. माझ्या ओळीत गवताची काडी दाखवा, मजुरी घेणार नाही, अशी ऐट. स्वतःचं वावर मात्र वीतभरही नाही.

अशा माणसाला गावाने जंगलाचा राखणदार केलं, आता काय बोलावं! परतवाड्याजवळचं गाव, तिथली ई-क्लासची उजाड सरकारी जमीन. तिच्यावर पुन्हा जंगल उभं करायचं. झाडं हवेतला धूर गिळतात म्हणून परदेशातली एक कंपनी त्याचे पैसे देणार, पण दरवर्षी तपासणी करून. तपासणीत फसलं की पैसे बंद आणि डोमाजीची राखणदारीही बंद. बासष्टाव्या वर्षी पुन्हा लोकांच्या वावरात वाकायचं, या विचाराने त्याची झोप उडायची.

तपासणीला अमरावतीहून पायल मॅडम येणार, असं गावाच्या जंगल समितीचा अंकुर सांगून गेला. पाहुणे येणार आणि रानात हे गबाळ? छे! डोमाजीने आठ दिवस खपून अख्खं जंगल निंदलं. लावलेली रोपं तेवढी ठेवली. वेली, झुडपं, जुन्या मुळांवर फुटलेले पळस-तेंदूचे धुमारे, सगळं सफाचट. वर ते सगळं पालापाचोळ्यासकट झाडून पेटवून दिलं.

"आता रांगोळी काढ अन् तोरण बांध," बायको चतुराबाई म्हणाली. "जंगल हाय का आंगन?"

शेवटी नाल्याकडचा कोपरा राहिला, कारण गुडघ्याने दगा दिला.

मॅडम आल्या. डोमाजीने जय भीम केला आणि छाती फुगवून उभा राहिला. मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"काका, जंगल कुठंय?"

"हे काय! एक काडी तं सापडवून दाखवा!"

"अहो, लावलेली रोपं काय, कुणीही मोजेल. मी आपोआप उगवलेलं मोजायला आलेय. ते कुठे गेलं?"

डोमाजीने राखेच्या ढिगाकडे पाहिलं. ते तर त्याने जाळलं होतं.

"आणि त्या नाल्याकडे काय आहे?"

"तिकडं नोका जाऊ मॅडम, लय कचरा हाय," तो लाजून म्हणाला. पण मॅडम कधीच काट्यांत शिरल्या होत्या. ओढणी फाटली तरी त्यांना भान नाही. मोह, धावडा, तिवस, तेंदू मोजता मोजता साठ झाडांच्या वर गेल्या.

"कुणी राखलं हे?"

अंकुरने डोमाजीला चिमटा काढला. "म्हना काका, मीच राखलं."

तसं बोलला असता तर सुटला असता. पण डोमाजीने मान हलवली.

"म्या नाई मॅडम. गुडघा दुखला म्हून राहिलं. नाईतं हेबी साफ केलं असतं."

अंकुरने कपाळावर हात मारला. मॅडम आधी खो खो हसल्या, मग वहीत लिहू लागल्या. "या वर्षी पैसे या कोपऱ्यापुरतेच. बाकीची मुळं जिवंत आहेत, फुटतील. राखणदार मात्र हेच हवेत. स्वतःची चूक सांगतात, म्हणजे यांच्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल. पण काका, एक अट. इथे काही उपटायचं नाही. उगवेल ते उगवू द्यायचं."

"सगळंच?"

"सगळंच."



"चाळीस वर्सं सारे मालक 'उपट'च म्हनत आले. 'उगू दे' म्हून मले आज पयल्यांदा कोनी सांगून राहिलं," डोमाजी म्हणाला आणि तिथेच, मॅडमसमोर, त्याला रडू फुटलं.