तीन दिवसांची विचारपूस

माझे काका आमच्या बटणांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हजेरी घेत होते, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी कुणालाही सोडलं नाही. मलासुद्धा नाही. मी तिथेच माल रवाना करण्याच्या विभागात आहे. सख्खा पुतण्या, त्यांच्याच घरी लहानाचा मोठा झालो. सकाळी आम्ही दोघं एकाच दारातून निघायचो. तरी एकदा वाटेत चप्पल तुटली म्हणून मी दोन मिनिटं मागे पडलो, तर माझ्या नावापुढे लाल रेघ! सगळे त्यांना तोंडावर हजेरीकाका म्हणत. मागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

मात्र त्यांची एक रीत होती. कामावर नवा माणूस आला की पहिले तीन दिवस तो पाहुणा. काका त्याच्यासाठी दार उघडणार, स्वतःच्या हाताने चहा नेऊन देणार, रात्री झोप लागली का, म्हणून विचारपूस करणार. नवा माणूस अगदी भारावून जायचा. चौथ्या दिवशी काका त्याच्याकडे असे बघायचे, की हा कोण बुवा? आणि खिशातून लाल पेन निघायचं. "तीन दिवसांत माणूस रुळतो. पुढचे लाड म्हणजे नासाडी," असं त्यांचं ठाम मत.

तर आमच्या मालकांना परदेशात शाखा काढायची हुक्की आली. मोठं काही नाही, एक लांबट खोली आणि सहा माणसं. इथून गोणीभर बटणं जाणार, तिथे ती सहा-सहा अशी पुठ्ठ्याच्या कार्डावर शिवून दुकानांना द्यायची. पण परक्या देशात माणसं कामाला ठेवायची म्हणजे तिथला कामगार कायदा आला. मालक म्हणाले, "काका, नियम तुमच्याइतके कुणाला कळतात? तुम्हीच जा."

काका वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकले. मग कायद्याचं सहाशे पानांचं पुस्तक मागवून जेवणाच्या टेबलावर पाठ करू लागले. समोर काकू बसलेली असायची. "अगं, तिथे सहा तास काम झालं की अर्धा तास सुट्टी द्यावीच लागते," काका म्हणायचे. "हो का?" काकू म्हणायची आणि त्यांच्या ताटात वाढायची. निघताना त्यांनी तिला शब्द दिला. "चार महिने. शाखा उभी करतो, तिथलाच एक व्यवस्थापक नेमतो, येतो आणि निवृत्त होतो. मग मी तुझाच." काकूने विश्वास ठेवला. मला तिचा तेव्हा जरा रागच आला होता.

तिथे पोचल्यावर काकांनी सहाही जणांचे तीन दिवस रीतसर लाड केले. चौथ्या दिवशी दार उघडलं नाही, चहा दिला नाही, कोपऱ्यात टेबल टाकून पेन काढून बसले. माणसं दाराबाहेर थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी पुठ्ठे कापणाऱ्याने काचेवर टकटक केलं.

"साहेब, दार?"

"उघडंच आहे. ढकला."

"ढकलता येतं. पण ते तुम्ही उघडता ना?"

त्यांनी भांडण केलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. दुपारी एक अतिशय नम्र पत्र काकांच्या टेबलावर आलं. काका ते घेऊन तिथल्याच एका वकीलबाईंकडे गेले. बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "किती वेळा केलंत हे सगळं?"

"तीन दिवस. रोज."

"अरेरे! दोनदा केलं असतंत तर वाचला असतात."

त्या देशात मालकाने एखादी सवलत काही अट न घालता सलग तीनदा दिली, की ती कामगारांचा हक्क होते. पुस्तकात असं एकही कलम नव्हतं. न्यायालयांच्या निकालांनी वर्षानुवर्षं रुळत गेलेली ती गोष्ट होती आणि तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. काकांनी सहाशे पानं घोकली, पण कुणाला विचारायला म्हणून ते गेले नाहीत. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"यापुढे काहीही कराल तेव्हा सोबत चिठ्ठी द्या," वकीलबाई म्हणाल्या. "त्यावर लिहायचं, हे मी खुशीने करतो आहे, यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही."

दार, चहा, विचारपूस रोज पुन्हा सुरू झालं आणि काकांनी तशा पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या. कुणी शिंकलं आणि काकांनी खिडकी लावली, तर चिठ्ठी. कुणाची सुई पडली, काकांनी वाकून उचलून दिली, तर चिठ्ठी. सुईवालीने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली आणि सुईखाली ठेवली. आठवडाभरात दुसरं पत्र आलं. साहेबांनी सलग तीनदा चिठ्ठी दिली असल्यामुळे चिठ्ठी मिळणं हाही आता हक्क झाला आहे, आणि शक्य असल्यास ती जाड कागदावर असावी.

हे काका मला फोनवर सांगायचे तेव्हा मी हसून हसून लोळायचो. एका माणसाने शेकडो लोकांना छळावं आणि सहा जणांनी त्याची परतफेड करावी, यात मला मोठाच न्याय दिसत होता. पण चार महिने संपत आले तसं माझं हसू आटलं. काकूने कपाटातला काकांचा निम्मा भाग झाडूनपुसून ठेवला होता आणि त्यात ती दुसरं काही ठेवू देत नव्हती.

नवा व्यवस्थापक नेमला, तो तिथलाच. पहिल्या दिवशी त्याने आपला नेमणुकीचा करार काकांपुढे धरला. "यात दार उघडणं नाही. चहा देणं नाही. जे करारात नाही ते मला करायला लावता येत नाही."

"बरोबर आहे त्याचं," वकीलबाई म्हणाल्या.

"मग कामगारांना नाही म्हणून सांगू?"

"छे! त्यांचा हक्क आहे तो."

"मग करायचं कुणी?"

"तुम्ही. तुम्ही करताच आहात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकच वाट होती. सहाही जणांनी आपण होऊन हक्क सोडल्याची लेखी सही द्यायची. काका प्रत्येकाशी वेगळे बसले. बाकीचं सगळे सहज सोडत, प्रत्येकाचं अडे ते एकेका गोष्टीवर. पुठ्ठे कापणाऱ्याने दार सोडलं. त्यांच्यात दोघे भाऊ होते, त्यांनी चहा सोडला, एकाने लगेच आणि एकाने शेवटचा एक कप मागून घेऊन. चौथ्याने आणि पाचव्याने चिठ्ठ्या सोडल्या, मात्र मिळालेल्या चिठ्ठ्या परत करणार नाही म्हणाले. पाच सह्या झाल्या.

सहावी ती सुईवाली. काकांच्याच वयाची, एकटी राहणारी, कार्डावर बटणं शिवण्यात सगळ्यांत चपळ. तिने दार सोडलं, चहा सोडला, चिठ्ठी सोडली. सही मात्र करेना.

"आता काय राहिलं?" काकांनी विचारलं.

"सकाळी तुम्ही विचारता ना, रात्री झोप लागली का? ते मी सोडणार नाही. मला दुसरं कुणी विचारत नाही."

परतीचं तिकीट सोमवारचं होतं, ते रद्द करावं लागलं. रविवारी सकाळी काकूला सांगायला त्यांनी फोन केला. फोनवर चेहरा दिसावा म्हणून मी तो काकूपुढे पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. पलीकडे काका दिसत होते, दाढी वाढलेली. त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, काकू आता रडेल. ती रडली नाही.

"रोज विचारता तुम्ही तिला?" ती म्हणाली.

"रोजच. हक्क आहे तिचा."

"झोप लागली का, असं?"

"हो."

"मला किती वेळा विचारलंत, अहो?"

दुसरा कुठलाही नवरा असता तर म्हणाला असता, अगं, मोजलंय कुणी? पण बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं मोजण्यात घालवलेल्या माणसाला थाप मारता येत नाही. काकांनी डोळे मिटून आठवलं. खूप वेळ आठवलं. मला वाटलं फोन अडकला.

"एकदा," ते म्हणाले. "तुझं ऑपरेशन झालं तेव्हा."

"म्हणजे माझा हक्क व्हायला अजून दोनदा बाकी आहे."

काकांनी तोंड उघडलं. काकूने हात वर केला. "आत्ता नको. मी सांगितलं म्हणून लगेच विचारलेलं मी धरणार नाही." आणि तिने फोन पालथा घातला. मग उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मला पहिल्यांदाच कळलं की या घरात मीही तिला कधी विचारलेलं नाही. मी लाजलो, आणि लाजण्यापलीकडे काही केलं नाही.

सोमवारी काकांनी सुईवालीला खरं ते सांगून टाकलं. तिने ऐकता ऐकता कार्ड पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "अहो साहेब, मग इथे काय करताय? आणा तो कागद." सही करून झाल्यावर तिने काकांनाच विचारलं, "तुम्हाला लागते का झोप?" काकांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली.

काका बुधवारी दुपारी आले. गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी कपाकडे बघत म्हणाले, "झोप लागली का गं?" काकू म्हणाली, "लागली." शुक्रवारी पुन्हा विचारलं. काकू म्हणाली, "बरी लागली." ऑपरेशनच्या वेळचं धरून तीनदा झालं. हिशेब पुरा. दोघांनाही ते ठाऊक होतं, मलाही.

शनिवारी काकू पाच वाजताच जागी झाली, हे तिनेच मला नंतर सांगितलं. पण ती उठली नाही. तीन झाले की यांचे लाड संपतात, आपण उठून कामाला लागलो आणि यांनी विचारलंच नाही तर, अशी तिला धास्ती वाटली. म्हणून डोळे मिटून पडून राहिली. इकडे काका सहाला उठले, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले. झोपलेल्या माणसाला उठवून झोप लागली का विचारणं बरं नव्हे, असा त्यांनी विचार केला. सात झाले, आठ झाले. तिने डोळे उघडले नाहीत, ते जागचे हलले नाहीत.

साडेनऊला भूक असह्य होऊन मी दारात जाऊन हाक मारली. काकांनी वळून तोंडावर बोट ठेवलं. त्यांच्या पाठीमागे काकू डोळे घट्ट मिटून पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन उशी ओली होत होती.