हातचं कॉलेज

"लातूरला न्हाय जमलं, तर येताव तुमच्याकडं."

माझंच वाक्य. ॲडमिशनच्या काउंटरवरच्या पोरानं ते कॉम्प्युटरमधून मोठ्यानं वाचलं. नुसतं वाचलं नाही, माझ्या सुरात वाचलं. 'न्हाय' लांबवून, 'येताव'वर हेल काढून. शेजारच्या खुर्चीतली पोरगी तोंडाला रुमाल लावून हसली. मागं रांगेत उभे असलेले दोघं-तिघं हसले. माझी नात माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या हातात घेतली. पिशवीत वजन काहीच नव्हतं.

मी लोहाऱ्याची. शाळा दुसरीतच सुटली. पुढं अंगणवाडीत मदतनीस झाले, खिचडी शिजवायची, लेकरं गोळा करून आणायची. त्या लेकरांना तक्ता दाखवता दाखवता मीच वाचायला शिकले. मग औषधाच्या बाटल्या वाचल्या, मग पेपर, मग हाताला लागेल ते. लिहायलाही तशीच शिकले. म्हणून आज हे लिहू शकते.

नातीचे आई-बाप पुण्याला कंपनीत. ती पहिलीपासून माझ्यापाशी. बारावीला तालुक्यात नाव निघावं असे मार्क पाडले तिनं. तिच्या सरांनी तीन कॉलेजं लिहून दिली. पहिलं लातूरचं, मग एक सोलापूरचं, आणि तिसरं हे, एका खासगी संस्थेचं. सर म्हणाले, "हे राहू द्या खाली. हे तर हातचं हाय. गेल्या साली हिच्यापेक्षा कितीतरी कमीवाल्यांना घेतलंय." फॉर्मवर माझा फोन नंबर टाकला, कारण घरात फोन एकच, आणि तो माझ्यापाशी असतो.

मग ह्या तिसऱ्या कॉलेजाचे फोन यायला लागले. एक पोरगी बोलायची. आवाज मोठा गोड. पहिल्यांदा म्हणाली, रविवारी कॉलेज बघायला या, मुलांना आणि पालकांना सगळं दाखवणार आहोत. आता लोहाऱ्यावरून जीप, मग एसटी, मग रिक्षा. दोघींचा अख्खा दिवस, आणि सोमवारी पोरीची दुसऱ्या कॉलेजची परीक्षा. मी म्हणाले, बघण्यासारखं काय त्यात, नंबर लागला की रोजच बघायचंय. दुसऱ्यांदा म्हणाली, मोबाइलवर लिंक पाठवलीय, ती उघडा, सर बोलणार आहेत. आमच्या गल्लीत एकाचं बँकेतलं सगळं अशाच लिंकनं गेलेलं. नातीनं मला बजावून ठेवलेलं, आज्जी, लिंकला बोट लावायचं नाही. नाही लावलं.

तिसऱ्यांदा विचारलं, आमच्याकडं यायची तुमची इच्छा किती आहे.

आता खरं सांगते. मी गल्लीतली तेरा लग्नं जमवलीत. स्थळाकडून असा निरोप आला की मुलीकडच्यांनी कसं बोलायचं, ते माझ्या अंगात मुरलंय. गळ्यात पडायचं नाही. उतावीळ दिसलं की समोरचे डोक्यावर बसतात. आणि दुसरीकडं बोलणं चालू असेल तर लपवायचं नाही, कारण उद्या कळलंच तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्याच हिशोबानं मी बोलले. लातूरला न्हाय जमलं, तर येताव तुमच्याकडं. मनात म्हणाले, चला, पोरीचा भाव राखला.

पोरगी म्हणाली, "थँक्यू आजी." आणि तिकडं लिहून ठेवलं.

लातूरला थोडक्यात हुकलं. सोलापूरलाही नाही. आणि ह्या हातच्या कॉलेजात नाव वेटिंगला, एक्केचाळिसावं. नंबर लागलेल्यांच्या यादीत आमच्याच तालुक्यातल्या एका बड्या दुकानदाराचा पोरगा. नातीच्याच वर्गातला. तिच्या वह्या घेऊन जायचा लिहून काढायला.

म्हणून गेलो आम्ही. म्हणून त्या काउंटरवर.

हसणं झाल्यावर आत मॅडमकडं पाठवलं. खुर्ची एक होती, तिच्यावर फायली. मॅडमनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक सांगितलं. कॉलेज बघायला आले, नाही. लिंक उघडली, नाही. फोनवर काय बोलले, ते तर तुम्ही बाहेर ऐकलंच.

"मार्क आहेत हो मुलीचे," मॅडम म्हणाल्या, "पण इंटरेस्ट नाही दिसला. अशी मुलं जागा अडवतात आणि दुसरीकडं निघून जातात."

मी त्या दुकानदाराच्या पोराचं विचारलं. तो तीनदा येऊन गेला, म्हणाल्या, आई-वडिलांसोबत. तीनदा. त्यांच्या दारात गाडी उभी असते. आमच्या दारात जीप थांबत नाही, आम्हाला चौकात जाऊन थांबावं लागतं, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. ह्याचा रकाना त्यांच्या कॉम्प्युटरात नाही.

मॅडम वाईट नव्हत्या बोलायला. मार्ग सांगितला त्यांनी. एक पत्र द्या, नाव वर सरकवता येतं का बघू. आणि मजकूर त्यांनीच सांगितला. आपले महाविद्यालय हीच माझी पहिली पसंती आहे. माझी आजी अशिक्षित असल्यामुळे तिने फोनवर चुकीची माहिती दिली.

नात भिंतीवर कागद धरून लिहीत होती. 'अशिक्षित'पाशी पेन थांबला.

"लिही गं," मी म्हणाले. "एका शब्दानं काय माझ्या अंगाला भोकं पडत न्हायत."

तिनं लिहिलं. पोरीचं वर्ष होतं त्यात. वर्ष गेलं तर तिचा बाप तिला पुण्याला नेऊन कुठंतरी पॅकिंगला लावणार, हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक. मी सगळं गिळायला तयार होते. खोटं नाही सांगत.

मग मॅडमनं ड्रॉवरमधून शाईचा पॅड काढला आणि माझ्याकडं न बघता नातीला म्हणाल्या, "खाली आजींचा अंगठा घे."

सही येते का, एवढंही विचारलं नाही.

मी कागद ओढून घेतला. चष्मा लावला. दार उघडंच होतं, बाहेरची रांग दिसत होती. त्या पोरानं जेवढ्या मोठ्यानं वाचलं होतं, तेवढ्याच मोठ्यानं मी ते पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून. 'अशिक्षित'सुद्धा वाचलं. बाहेर कुणी हसलं नाही.

"मॅडम, ह्यात चुकीची माहिती कोणती? लातूर पहिलं व्हतं, हे खोटं हाय का?"

"आजी, प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही."

"मग कशाचा हाय?"

मी नातीच्या हातातला पेन घेतला, दोन्ही ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं. 'मी फोनवर बोलले ते खरे आहे. जागा मार्कावर द्या.' पूर्ण नाव घालून सही केली. मग म्हणाले, इंटरेस्ट नाही म्हणून नाव मागं ठेवलंय, एवढं मला लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी.

"असं लेखी देता येत नाही."

"माझं बोलणं बरं लिहून ठेवता आलं तुम्हाला."

एसटीत नात खिडकीकडं तोंड करून बसली. नळदुर्ग मागं पडलं. मग म्हणाली, "आज्जी, तू फोनवर एकदा खोटं बोलली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

नाव अजून एक्केचाळिसावंच आहे. माझ्यामुळं मागं पडलं, हे मी नाकारत नाही. पण मार्कांपेक्षा माझं एक वाक्य जड भरलं, हा तराजू माझा नाही.

सोमवारी पहिल्या जीपनं जाणार आहे. मार्कशीट घेऊन. त्यांच्या मजकुराचं पत्र देणार नाही. ते कारण लिहून देईपर्यंत मॅडमच्या खोलीतून हलणार नाही. फायली उचलून त्या खुर्चीत बसणार आहे. आणि पुढच्या साली आमच्या गल्लीतून फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक पोरीबरोबर मी जाणार आहे, हेच विचारायला.

त्यांनी माझं एक वाक्य लिहून ठेवलं. मी त्यांची सगळी लिहून ठेवलीत. ती हीच.