पाठीवरचा डबा

रिसॉर्टच्या तलावाकाठी क्लोरीनचा उग्र वास येत होता आणि मला मात्र शेवाळलेल्या दगडांचा, ओल्या सुंभाचा वास आठवत होता. चौलला आत्याचं दिवसकार्य उरकून चार दिवस झाले होते. घरात कुणालाच काही सुचत नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या लेकीला घेऊन मी इथे आले. सकाळी लहान मुलांना पोहायला शिकवतात असं कळलं होतं. दंडांना हवेच्या पिशव्या लावलेली मुलं निळ्या पाण्यात बदकांसारखी डुलत होती. शिकवणारी तरुणी हात पुढे करून गोड बोलावत होती. लेक दोन्ही हात पाठीमागे धरून काठावर उभी.

"मला आत्याआजी शिकवणार आहे. मे महिन्यात. तिने सांगितलंय."

"ती आता नाही ना, बाळा."

"पण मे तर आलाय."

मी तिचा टॉवेल पिशवीत भरला. आम्ही चौलला वाडीत परतलो.

वाडीतल्या दोन पिढ्यांना आत्यानेच घरच्या विहिरीत पोहायला शिकवलं. आमच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा सुंभाने बांधलेला असे, झाकण मेणाने बंद केलेलं. डबा तरंगवतो, आपण नुसते पाय मारायचे, असा आमचा ठाम समज. नाकातोंडात पाणी गेलं की आत्या ओरडे, "तोंड मीट गो! सगळी विहीर प्यायलीस तर पोफळींना काय घालू, तुझं डोंबल?" आठवडाभराने एकदा मी पायऱ्या चढून वर येऊ लागले तर पाठ मागे ओढली गेली. डबा पाण्याने भरला होता. आत्याने आदल्या संध्याकाळीच त्याला खिळ्याने भोक पाडून ठेवलं होतं. "भरल्या डब्यानं दोन फेऱ्या मारल्यास, कळलं पण नाही!" ती हसत सुटली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. फसवल्याचा राग होताच. पण आपल्याला पोहता येतं हे आपल्याआधी तिला कळलं, याचा राग जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला विहिरीवर नेलं. आत्या गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं. पाण्यात रडण्याची एक सोय असते, तोंड धुतल्यासारखं करता येतं. मग मी लेकीकडे हात पसरले. ती हलेना.

"आत्याआजी कुठे बसायची?"

पाण्याला लागून असलेली रुंद पायरी मी दाखवली. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

"मग तिथे पाणी उडवायचं नाही हं," तिने मला बजावलं आणि माझ्या हातांत आली.

तिच्या पोटाखाली माझा तळहात. पाय आधी जपून हलले, मग जोरात. आम्ही मोठी माणसं दुःखाचे दिवस मोजतो, विधी करतो, आणि तरीही ते कुठे ठेवावं हे आम्हाला समजत नाही. या पोरीने गेलेल्या माणसासाठी एक जागा राखली आणि ती आपल्या कामाला लागली. लाटा मात्र कुणाचं ऐकत नाहीत. थोड्याच वेळात ती पायरी भिजली. लेकीने मान वळवून पाहिलं, क्षणभर थबकली, आणि पुन्हा पाय मारू लागली.