गिरजाआजी गेली त्या होडीचं सुकाणू

माझ्या आजोबांची पहिली बायको त्यांनीच बांधलेली होडी उलटून मेली.

तिच्या पोटात त्यांचं पहिलं मूल होतं.

आज तिची तिथी. फोटो टाकला असता, पण तिचा फोटोच नाही. म्हणून ही पोस्ट.

तिचं नाव गिरजा. माहेर मार्गासनीचं.

आमचं गाव भोरच्या वर, भाटघर धरणाच्या काठी. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर टेकाडावर येऊन राहिली. पलीकडे जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा घालून चालत. आजारी माणूस असला तर झोळीत घालून. काही जण वाटेतच जायचे.

आजोबा, म्हणजे आमचे आबा, सुतार. वरंधा घाट उतरून महाडकडे काही वर्षं होड्यांच्या कामाला होते. तिथं शिकून आले आणि गावासाठी एक लहानशी शिडाची होडी बांधली. हे सगळं १९४० च्या आसपासचं.

होडी चांगली होती. सुकाणू वाईट होतं.

आखूड होतं. डोंगरावरून वारा एकदम अंगावर यायचा, होडी कलायची आणि सुकाणू पाण्याबाहेर. मग वारा नेईल तिकडे.

आबांनी ते खोल केलं. सागाचं एकसंध पातं, होडीच्या मागच्या फळीला लोखंडी बिजागऱ्यांनी पक्कं बसवलेलं. आता होडी जराशा इशाऱ्यावर वळायला लागली. लोक खूश. आबा तर फारच खूश.

होळी झाली आणि गिरजाआजी बाळंतपणाला माहेरी निघाली. पलीकडच्या काठावर तिचे वडील बैलगाडी घेऊन उभे होते.

होडीत बसताना ती म्हणाली, "अवं, पानी लई उतरलंय. जुन्या गावावरनं नगा नेऊ."

आबा म्हणाले, "चिंचंवर अजून पुरुषभर पानी हाय. बस गप."

ही चिंच जुन्या गावातली. धरण भरायच्या आधी लोकांनी फांद्या तोडून नेल्या होत्या. खोड पाण्याखाली तसंच उभं होतं.

पुरुषभर पाणी नव्हतं.

भर वाऱ्यात सुकाणूचं टोक त्या खोडात बसलं. पक्कं होतं ना, हललंच नाही. मागची फळी घेऊन उखडलं. होडी आडवी फिरली, शीड पाण्यावर आपटलं, सगळं उलटं.

आबांना पोहता येत होतं. तिला नाही. अंगावर नऊवारी लुगडं, दिवस भरत आलेले.

"तिचा दंड धरला व्हता म्या," आबा म्हणायचे.

एवढंच म्हणायचे.

पलीकडच्या काठावरून तिचे वडील हे सगळं बघत होते.

गाव म्हणालं, होडी जाळून टाक. आबांनी जाळली नाही. ओढत आणून दारात ठेवली, मागची फळी बदलली. त्या पावसाळ्यात त्यांनी कुणाचा नांगरसुद्धा दुरुस्त केला नाही. फक्त सुकाणू.

पातं अडकलं तर मोडायच्या ऐवजी उचललं गेलं पाहिजे, एवढा एकच विचार. दोन फळ्यांच्या मध्ये पातं, आरपार एक बोल्ट. खाली काही लागलं की पातं मागे झुलून वर येणार.

पण लाकूडच ते. पाण्यात तरंगतच राहायला लागलं. दोरीनं खाली बांधलं, तर वर उठेना. शेवटी पात्याच्या टोकाला भोक पाडून शिसं ओतलं. तेव्हा कुठे ते आपल्या वजनानं खाली राहायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तसे आबा एकटेच होडी घेऊन निघाले.

आणि मुद्दाम चिंचेवरून न्यायला लागले.

एकदा. परत. परत.

काठावर धुणं धुणाऱ्या बाया म्हणाल्या, सुताराचं डोकं फिरलं.

ही बातमी मार्गासनीला पोचली आणि एक दिवस सासरे काठावर येऊन उभे राहिले. लेक गेल्यापासून त्यांनी आबांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मला बशीव हिच्यात."

"मामा, नगा."

"बशीव म्हन्लं ना."

तोवर ते जावयाला कायम 'तुमी' म्हणत आले होते.

होडी निघाली. चिंच आली. खालून टक् झालं, पातं वर उठलं, खोडावरून सरकलं आणि पुन्हा खाली बसलं. होडी सरळ पुढे गेली. काही झालंच नाही.

म्हातारा त्या सुकाणूकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"ह्ये आदी का न्हाई केलंस?"

आबांनी मला हे सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. मी विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"काय बोलनार? होडी काठाला लावली."

नंतर त्याच माणसानं आपली धाकटी लेक आबांना दिली. का दिली, कुणालाच कळलं नाही. काशी तिचं नाव. ती माझी सख्खी आजी. वारलेल्या पहिलीच्या नावानं दुसरी बायको घालते तसा, मोठ्या बहिणीच्या नावाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात शेवटपर्यंत होता.

पुढे त्या होडीतून गावच्या कितीतरी बायका बाळंतपणाला गेल्या, लेकरं घेऊन परत आल्या. होडी पुन्हा कधी उलटली नाही.

काशीआजी मात्र तिच्यात कधीच बसली नाही.

माहेरी जायची ती पाण्याला वळसा घालून, पायी. माझे वडील पोटात होते तेव्हासुद्धा.

आबा होडी काठाला बांधायचे आणि तिच्या मागून चालत जायचे. तिला कधी 'बस' म्हणाले नाहीत.

गिरजाआजी, तुला मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे गेले.

तुला, आणि तुझ्याबरोबर गेलेल्या त्या लेकराला, घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.