ड्युटी इथलीच पाहिजे

वरोऱ्याच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या अंगावर जिनिंग मिलचा खाकी शर्ट होता आणि केसांत कापसाची तूस अडकलेली होती. मी बावीस वर्षांचा होतो. मालकाशी बोलून त्यांनी त्याच जिनिंगमध्ये माझ्यासाठी वजनकाट्यावर जागा धरून ठेवली होती आणि मी ती नाकारली होती. गाडी लागेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "इथं सारी वळखीची मानसं हायेत. पुन्यात तुले कोन वळखते?" मला नेमकं तेच हवं होतं. जिथं मला कुणी अमक्याचा पोरगा म्हणणार नाही, अशा गावी जायचं होतं.

पहिली नोकरी पुण्यात हडपसरला लागली, एका आयटी कंपनीच्या दारावर सिक्युरिटी गार्ड म्हणून. निळा युनिफॉर्म, टोपी, आपोआप उघडणारं काचेचं दार आणि आतून येणारा एसीचा झोत. दिवसभर उभा राहायचो, पण पाय दुखल्याचं आठवत नाही. पगारापेक्षा त्या युनिफॉर्मचंच जास्त अप्रूप होतं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. मग ते काचेचं दार मला एकदम लांब वाटायला लागलं आणि मी एजन्सीकडे घराजवळची ड्युटी मागू लागलो. आता मी त्याच एजन्सीत फील्ड ऑफिसर आहे. मांजरीपासून लोणी काळभोरपर्यंतच्या सोसायट्यांना गार्ड पुरवतो.

गावाकडच्या पोरांनो, तुमचे फोन येतात तेव्हा तुम्ही आधी विचारता, "ड्युटीवर मोबाइल चालते का? मॉल भेटन का?" मी हसत नाही, मीही तसाच होतो. लेकरंबाळं असलेले पगार तारखेला होतो का ते विचारतात. पन्नाशीचे जरा आवाज खाली आणून विचारतात, बसायला मिळतं का, संडास जवळ आहे का. इतकी वर्षं माणसं भरती केल्यावर मला वाटायला लागलं होतं, की प्रश्नावरून वय सांगता येतं.

बाबुराव काकांनी मला खोटं ठरवलं. वय सहासष्ट, धोतर, पांढरी टोपी. मांजरीच्या एका नव्या सोसायटीला गार्ड हवे होते, तेव्हा ते स्वतः चालत माझ्याकडे आले. पगार विचारला नाही, सुट्टी विचारली नाही. मी म्हणालो, "काका, गेटवर खुर्ची देतो तुम्हाला." ते म्हणाले, "खुर्ची नगं. पर ड्युटी इथलीच पायजे. दुसरीकडं टाकू नका."

कारण मला पंधरवड्याने कळलं. एक मोठी पांढरी गाडी माझ्यासमोर थांबली आणि तिच्यातून उतरलेला तिशीतला माणूस म्हणाला, "साहेब, आमच्या वडिलांना काढा. ही सोसायटी आमच्या उसाच्या रानावर उभी आहे. आमचे दोन फ्लॅट आहेत इथं. मी गाडी घेऊन येतो आणि माझा बाप माझ्यासाठी गेट उघडतो. लोक हसतात हो."

मी काकांना बाजूला घेतलं. "घरी काय त्रास आहे का?"

"तरास कसला? सून चांगली हाय. बाबा, बसा म्हणती. टीव्ही लावून देती." ते गेटकडे बघत बोलत होते. "पर किती बसायचं मानसानं? जन्मभर या रानात उभा हाय मी. हितं उभं ऱ्हायलं की चार मानसं विचारत्यात, बाबा, सी विंग कुठं? मी सांगतो. बास."

मी त्यांना काढलं नाही. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग तोही गेटवर काच खाली करून, वडिलांकडे मान हलवून, आत जायला शिकला.

दोनेक वर्षं चाललं तसं. मग नवी कमिटी आली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ॲपवर करायची ठरली आणि सेक्रेटरी मॅडमनी मला बोलावलं. "अहो, आम्ही सिक्युरिटी मागवली होती, आजोबा नव्हे. चाळिशीच्या आतले, प्रेझेंटेबल गार्ड द्या. जमत नसेल तर तसं सांगा, एजन्स्या बऱ्याच आहेत." मी ॲप शिकवतो म्हणालो, मागच्या गेटवर ठेवतो म्हणालो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपलं वय काय हो?" मी डायरी मिटली आणि उठलो. सत्तेचाळीस.

काकांना लोणीला एका कॉलेजच्या गेटवर जागा देऊ केली. "तिथं माझं काय हाय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी धुतलेला, इस्त्री केलेला युनिफॉर्म माझ्या हातात दिला, वर शिट्टी ठेवली आणि लिफ्टकडे गेले. त्यानंतर ते फारसे खाली उतरलेच नाहीत म्हणे.

पावसाळा संपता संपता त्याच गेटवरून नव्या गार्डचा फोन आला. चोवीस वर्षांचा, चुणचुणीत, ॲप त्याला तोंडपाठ. "सर, बी विंगला शववाहिनी आलीय. ॲपमध्ये ऑप्शनच नाही. गेस्ट टाकू, कॅब टाकू का डिलिव्हरी?"

"कोण गेलं?"

"ते म्हातारे, टोपीवाले. आधी इथं होते ना?"

"काही टाकू नकोस," मी म्हणालो. "गेट उघड."

त्यानंतर दिवाळीला वरोऱ्याला गेलो. आई जाऊन तीन वर्षं झाली, जिनिंग त्याच्याही आधीच बंद पडलं. बाबा एकटेच असतात. मी म्हणालो, "चला माझ्यासोबत. आराम करा." ते अंगण झाडत होते, थांबले नाहीत. "तिथं माह्यासाठी काही काम असन का? तू तर सगळ्याईले काम देतं म्हन्ते."

शे-दीडशे माणसांच्या ड्युट्या मी लावतो, पण बाबांना द्यायला एकही गेट डोळ्यांसमोर येईना. बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागले. "काम असन तवाच येईन," म्हणाले. "नुसतं बसाले नाही येत."

लोणीत माझा फ्लॅट आहे, हप्ते फिटत आलेत. कुणी विचारलं तर तोच पत्ता सांगतो. पण घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, की जिथं कुणीतरी तुम्हाला हक्काने काम सांगतं. त्या सकाळी मी बाबांच्या अंगणात विहिरीची बादली उचलली. दोर सोडणार तेवढ्यात त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "तू पाहुना हायेस."